अजून नको

रविवारी सहाला, उमरेड रोडच्या आतल्या मैदानावर
चेतना नंदनवार येते, मेयोतली रात्रपाळी संपवून,
स्कुटीच्या पायदानावर डबा, पाठीला पंख.
खरंच पंख. थर्माकोलचा, सव्वा मीटर,
जुन्या चादरीत गुंडाळलेला.
सक्करदऱ्याच्या सिग्नलवर लोक वळून पाहतात म्हणे.

आमची धावपट्टी मुरमाची,
रोलर बोरकुटेंच्या रस्ताकामावरचा, उसना.
बांबूला माझ्या जुन्या शर्टाची बाही बांधली आहे,
ती फुगली की वारा कुठून आहे ते कळतं.
तिकडे तोंड कर, मी म्हणतो.
आणि विमानाच्या मागे उभी राहा,
म्हणजे त्याचं डावं ते तुझं डावं.

आधी तपासणी. काठी उजवीकडे: उजव्या पंखाची पट्टी वर.
काठी मागे: शेपटीची पट्टी वर.
धकातेंच्या पोरानं एकदा हे पाहिलं नाही,
आतली जोडणी उलटी होती,
त्यानं वर म्हटलं आणि विमान खाली गेलं.
तो पुन्हा आला नाही.
तुकड्यांचं पोतं अजून माझ्या पलंगाखाली आहे,
बायको दर दिवाळीला विचारते.

चेतनाचं दर रविवारी एकच.
चाकं हलली न हलली, की उजवा अंगठा मागे.
नाक वर, अंगात वेग नाही,
डावा पंख गळतो, झोप लागलेल्या माणसाच्या मानेसारखा,
आणि धूळ.
"काऊन ओढून राहिली? कुठं अडकलं हाये का ते?"
"पट्टी संपते न काका."
"संपू दे न. साठ मीटर हाये, त्याले तीस लागते."

दोन रिमोट, मध्ये एक वायर.
माझ्या रिमोटवर एक बटण:
दाबून धरलं तर विमान तिचं,
सोडलं की माझं.
नवख्यांना वाटतं उलट असेल.
बत्तीस वर्षं लेथवर काढलेलं हे बोट,
त्याला इतकंच काम, सोडायचं नाही.

मागच्या रविवारी मी सोडलं.
ती बरोबर होती, पंख सरळ, वेग येत होता,
मलाच धीर निघाला नाही.
वायर सैल झाली होती, मी म्हणालो.
तिनं वायर हातात घेऊन पाहिली, काही बोलली नाही,
घरी नेऊन पंखाला पट्टी चिकटवून आणली,
दवाखान्यातली, पांढरी.

आज पुन्हा.
"थ्रॉटल हळू दे. एकदम नाही."
"सलाइनचं चाक फिरवतो तसं?"
मला सलाइन लागलेलं आहे, मी ते फिरवलेलं नाही.
"हो," मी म्हणतो, "तसंच असेल."

मग ती जशी देते ते पाहण्यासारखं.
मोटर गुणगुणते, विमान निघतं,
मुरमावर चाकांची खडखड,
पुढे बसलेली टिटवी शिव्या देत उठते.
नाक डावीकडे जाऊ लागतं, जातंच ते, पंख्याच्या ओढीनं,
मी "उजवं" म्हणेपर्यंत तिनं दिलेलं असतं.
अजून नको.
शेपटी हलकी होते.
अजून नको.
बांबू मागे पडतो, पट्टी संपत येते,
माझं नख पांढरं,
अजून

खडखड थांबते.

तेवढंच. काही ओढावं लागत नाही,
अंगठा जरासा, चादर सारखी करावी इतका,
आणि खाली विमानाची सावली सुटी होऊन
बाभळीवरून जाते.

चेतना वर पाहत असते. डोळ्यांत रात्रपाळीची लाली,
पापणी हलत नाही.
"काका, मागच्या रविवारी
बटण तुम्हीच सोडलं होतं न?"

"वर पाह्य," मी म्हणतो. "पंख सरळ ठेव.
कुही फाट्याकडं नको जाऊ."
वारा नऊनंतर बिघडतो,
आत्ता सात वाजलेत.
उतरवायचं तिला अजून
शिकवलेलं नाही.